दारू-खर्रा आणि ज्वारीतला टारफुला

(टिटवाळा, जि. ठाणे येथील कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण)



शिबिर टिटवाळ्याला कशाला, असे काल तीन-चार जणांनी विचारले. कारण साधे आहे. विदर्भ, खानदेश, मराठवाड्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या कल्याणला थांबतात. तिथून कसाऱ्याकडची लोकल धरली की शहाड, आंबिवली आणि तिसरे टिटवाळा. राहण्याची सोय परवडली, म्हणून इथे. काळू नदीच्या या मुलखात कपाशीचे बोंड दिसत नाही आणि ज्वारीचे कणीसही नाही. भात होता, त्या जागीही आता इमारती उभ्या राहत आहेत.

काल संध्याकाळी चहा झाल्यावर निम्मे शिबिर महागणपतीच्या दर्शनाला गेले. जाताना सगळे बरोबर होते. येताना काही जण वाटेत थांबले. कुठे थांबले ते आम्ही विचारत नाही. आज सकाळच्या सत्रात रिकाम्या राहिलेल्या सतरंज्या तुम्हीही पाहिल्या. म्हणून कापूस खरेदीचा विषय दुपारवर ढकलला आणि हा विषय आधी घेतला. कोणाला लाजवण्यासाठी हे बोलत नाही. लाजवल्याने दारू सुटत असती तर प्रत्येक गावातल्या सासऱ्यांनी ती केव्हाच सोडवली असती.

इथल्या गणपतीला लोक विवाहविनायक म्हणतात. दुष्यंत शकुंतलेला विसरला तेव्हा कण्व ऋषींच्या सांगण्यावरून तिने इथे आराधना केली, अशी कथा आहे. देऊळ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातले सांगतात. मोडत आलेला संसार पुन्हा जुळावा म्हणून बायका इथे लांबून येतात आणि अंगारकीला तर रांग हलत नाही. आमच्या मायबहिणींनी काल काय मागितले ते त्यांना विचारायची गरज नाही. दुष्यंताला निदान शाप तरी होता. आपल्याकडचे दुष्यंत रात्री दिलेला शब्द सकाळी विसरतात, त्यांना शाप लागत नाही, क्वार्टर पुरते.

आता पहिली हरकत. तुमच्यातले जुने कार्यकर्ते ती मनात म्हणत असतील, तोंडावर म्हणत नाहीत एवढेच. शेतकरी पितो म्हणून बुडतो, लग्नात उधळतो म्हणून बुडतो, हे ऐकत आपले बाप गेले. ज्यांनी आमच्या मालाचा भाव पाडला त्यांनीच हे सांगितले. आत्महत्या झालेल्या घरी चौकशीला आलेला माणूस विचारतो, 'पीत होता का?' घरातल्या बाईने खरे सांगितले की प्रकरण अपात्रतेकडे झुकू लागते. मग आपणच या व्यासपीठावरून दारूवर बोललो तर त्यांच्या हातात काठी देत नाही का?

नाही देत. कर्ज दारूने झालेले नाही, भावाने झाले आहे. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्या माळकऱ्याच्या सातबाऱ्यावरही बोजा आहेच. तो पुरावा आपल्याकडे कायमचा आहे आणि तो कोणी खोडू शकत नाही. पण दारू हे कर्जाचे कारण नसले तरी कर्जाविरुद्ध उभा राहणारा माणूस मात्र ती खाते. सकाळी नऊला बाजार समितीत काट्यावर उभे राहायचे असते, तेव्हा हा अकराला उठतो. बँकेत बोलताना हात कापतो, म्हणून साहेबापुढे बोलायलाच जात नाही. ज्याला लुटायचे आहे त्याला असा शेतकरी फार सोयीचा.

हिशेब आधी उरकून घेऊ, कारण आपल्या सभेत हिशेबाशिवाय चालत नाही. खर्र्याची पुडी वीस रुपयांची धरा, दिवसाला तीन. वर्षाचे झाले २१,९०० रुपये. बाटलीचे आणि तिच्याबरोबरच्या शेव-फुटाण्याचे शंभर रुपये धरा, महिन्यातले पंचवीस दिवस. वर्षाचे ३०,०००. दोन्ही मिळून ५१,९००. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ साठी जाहीर झालेला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे जवळजवळ साडेसहा क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर, आणि बी, खत, फवारणी, वेचणीचा खर्च न धरता. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतरला तर त्या वर्षाला आपण बरे वर्ष म्हणतो. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर आकडे बदलून घ्या, उत्तर फारसे बदलणार नाही.

आता सांगा, हा हिशेब ऐकून कोणी सोडली? आम्ही तो कित्येक गावांत मांडला आहे. माणसे मान हलवतात, 'बरोबर आहे साहेब' म्हणतात, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच जातात. ज्याला सोडायची आहे त्याला तोटा माहीतच असतो. तुमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ठरवले आहे. पोळ्यानंतर सोडू, दसऱ्याला सोडू, पोरीचे लग्न झाले की सोडू. आम्हाला ऐकू येते ते वाक्य एकच, 'मनच होत नाही.' मन झाले की सोडू, असा हा क्रम लावलेला आहे. आमचे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे, आणि तो उलटा का हे दुसऱ्या कोणाला कळो न कळो, ज्वारी पिकवणाऱ्याला कळले पाहिजे.

टारफुला सगळ्यांनी पाहिला आहे. ज्वारीच्या बुडाशी उगवणारे ते हातभर रोप, नाजूक फुले येणारे. दिसायला गरीब. पण ते स्वतःच्या मुळावर जगत नाही, ज्वारीच्या मुळात घुसून तिचा रस पिते. आणि ते जमिनीवर दिसते तोपर्यंत खाली नुकसान होऊन गेलेले असते. ज्वारी आधीच खुरटलेली, पाणी असूनही सुकल्यासारखी. एका रोपाला हजारोंनी बी धरते, धुळीसारखे बारीक, आणि ते बी जमिनीत दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त पडून राहते. मरत नाही, उगवतही नाही. जवळ ज्वारीचे मूळ आले, त्या मुळातून सुटणारा अंश त्याला लागला, की मगच ते जागे होते.

व्यसन हे असे आहे. पाच वर्षे न प्यालेला माणूस एका लग्नात 'एवढ्याने काय होते' म्हणून घोटभर घेतो आणि महिन्याभरात जिथे सोडली होती तिथे पोचतो. गाव म्हणते, मुळात खोटाच होता. खोटा नव्हता. बी जमिनीत होते, त्याला मूळ मिळाले. म्हणून ज्याची एकदा सुटली आहे त्याच्यासाठी 'थोडी' असा माप नाही.

पण टारफुल्याची दुसरीही बाजू आहे आणि आम्हाला तीच सांगायची आहे. ज्या रानात टारफुला माजला तिथे कपाशी घेतली तर काय होते? कपाशीच्या मुळाचा अंश लागूनही ते बी फसते आणि उगवते. पण कपाशीच्या मुळात त्याला घुसता येत नाही. उगवलेले रोप खायला न मिळाल्याने मरते. म्हणून आपल्या जुन्या लोकांची कापूस-ज्वारीची फेरपालट नुसती जमिनीच्या कसासाठी नव्हती. बी उगवू द्यायचे आणि उपाशी मारायचे, हे त्यातले काम होते.

तलफेचे तसेच करायचे असते. तलफ येऊच नये अशी वाट पाहत बसलात तर जन्म जाईल. ती येणारच, ठरलेल्या वेळी येणार. ती येईल तेव्हा तिथे ज्वारी नको, कपाशी पाहिजे. तंबाखूची एक तलफ बहुधा काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात तिला खायला मिळाले नाही तर ती ओसरते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड होते, झोप जाते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा जोर उतरतो. प्रत्येक उपाशी गेलेल्या तलफेबरोबर जमिनीतले बी थोडे कमी होते. मन मागाहून तयार होते, आधी नाही.

तेव्हा पहिले काम, मन तपासत बसू नका, वेळ तपासा. एक आठवडा काही सोडायचे नाही, फक्त वहीत लिहायचे. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, खिशात पैसे कुठले. रानात कीड मोजल्याशिवाय फवारणी करू नका असे आम्ही ज्या तोंडाने सांगतो त्याच तोंडाने हे सांगतो. आठवड्यानंतर दिसेल की दारू सारखी नसते. तिची एक वेळ असते, सहसा दिवस बुडाल्यावरची, एक पार किंवा पानटपरी असते आणि दोन-तीन चेहरे असतात. आणि तिचे मोठे दिवस ठरलेले असतात. कापूस विकून पैसे आले तो दिवस, पोळ्याची कर, लग्नसराई आणि निवडणूक. या दिवसांना बांध आधी घालावा लागतो, पाणी आल्यावर नाही. कापूस घालायला घरधनिणीला बरोबर न्या, पट्टीचे पैसे तिच्या खात्यावर जाऊ द्या. हे सांगितले की काही भावांची तोंडे उतरतात, तीही आम्हाला इथून दिसतात.

एका गावात आमच्या मित्रांनी वेगळेच केले. त्यांच्यातला एक चांगला कार्यकर्ता बोलायला फाकडा, पण सातनंतर सापडायचा नाही. त्याला कोणी उपदेश केला नाही. गावच्या कापसाच्या वजनाची आणि पट्ट्यांची वही त्याच्याकडे दिली आणि बैठक रोज सातला, त्याच्याच ओट्यावर ठेवली. पहिले पंधरा दिवस तो दोनदा गैरहजर राहिला, एकदा लडखडत आला. वही काढून घेतली नाही. हळूहळू सातची वेळ वहीची झाली. आज तो अजिबात घेत नाही असे आम्ही म्हणत नाही. सातला मात्र शुद्धीवर असतो आणि त्याच्या वहीतला आकडा अडत्यालाही नाकारता आलेला नाही. पूर्ण सोडणेच खरे, हे मान्य. पण वाट अशी आहे.

लांबचे एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी धंद्यासाठी आलेला एक शेअर दलाल, काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेला, हॉटेलात एकटाच होता. सौदा फसला होता आणि बाजूला बार होता. बारकडे जाण्याऐवजी त्याने फोन लावत लावत गावातला दुसरा दारुडा शोधून काढला. तो निघाला शल्यचिकित्सक डॉक्टर. हे दोघे बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभे राहिले. आज त्यांच्या बैठका मराठीतही होतात, फी नसते, नाव सांगावे लागत नाही. त्या दलालाने स्वतःला वाचवायला स्वतःचे मन घट्ट केले नाही, दुसरा माणूस शोधला. आपल्या गावात दुसरा माणूस शोधायला फोनही लागत नाही.

आता नवस आणि माळ. आमच्यासारखी शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे याला हसतात. आम्ही हसत नाही. पंढरीची माळ गळ्यात पडली की आग्रह करणाऱ्याचे तोंड बंद होते. 'माळ आहे' एवढे म्हटले की पुढे वाद नाही, कारण द्यावे लागत नाही, मित्रही दुखावत नाही. आपल्याकडे निम्मी दारू आग्रहाने पोटात जाते, तेव्हा हे लहान काम नाही. शिवाय माळ चारचौघांत घातलेली असते, तारीख सगळ्यांना ठाऊक असते. नवसाचे तसे नाही. नवस मनातल्या मनात बोलला जातो, मुदत घातली जाते, आणि मुदत संपल्याच्या संध्याकाळी सव्याज वसुली होते. ज्यांना आज पुन्हा गणपतीला जायचे आहे त्यांनी जरूर जावे. देवाला जे सांगाल ते बाहेर येऊन बायकोला आणि गाववाल्या दोघांना मोठ्याने सांगा. देवाकडे तक्रार करायला कोणी जात नाही, ही तिघे येतील.

खर्र्याकडे वळतो, कारण दारू वाईट हे निदान मान्य आहे, खर्रा तर व्यसनातच धरत नाहीत. सभेत पाहुण्याला आधी पुडी, मग पाणी. बीड-नगरकडे त्याच मिश्रणाला मावा म्हणतात. गंमत बघा, कपाशीवरच्या मावा किडीसाठी आपण तंबाखूचा अर्क फवारत आलो. त्यातले निकोटीन किडीला मारते म्हणूनच फवारतो. तोच अर्क माणूस गालफडात धरून बसतो, वर चुना लावतो, आणि चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या कातडीतून जास्त लवकर रक्तात उतरते. त्यातली सुपारीही साधी नाही. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठर होत जाते. आधी तिखट झोंबू लागते, ठेचा-भाकरी नको होते, मग तोंड उघडणे कमी होते. इथेच, आत्ता, आपापली तीन बोटे एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. घाला, लाजू नका. ज्यांची तीन बोटे जात नाहीत त्यांनी गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात तोंड दाखवावे. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर एक दिवसही थांबू नये. कातडीचा ताठरपणा पूर्ण मागे येत नाही, पण सोडले तर पुढचे बरेच टळते.

फवारणीबद्दल एक सांगायचे राहील. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. कारणे अनेक होती आणि त्यांचा जाब आपण विचारलाच पाहिजे. पण औषधाचा हात न धुता त्याच हाताने पुडी चोळून तोंडात टाकणे म्हणजे विष स्वतः पोटात घालणे आहे. पंप खांद्यावर आहे तोवर खर्रा नाही, एवढा नियम तरी शेतमजुरांसकट आजपासून करा. ज्याला दिवसभर सोडणे जमत नाही त्याला ही चार तासांची सुरुवात जमते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्या गावात तो मिळत नाही ते आम्हाला सांगा. म्हणून नुसती बंदी मागून घरी बसणाऱ्यांशी आमचे पटत नाही. पण बंदीने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांशीही पटत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने लोक उठले, १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली, आणि चोरटी दारू चालूच राहते हे पाहून २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' नावाने गावागावांत दारू-तंबाखूविरुद्ध काम सुरू झाले. कायदा आणि गावचे काम, दोन्ही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. तुमच्या गावात परवान्याचे दुकान असेल तर मायबहिणींच्या हातात बाटली आडवी करण्याचे मतदान आहे. चौथा हिस्सा बायकांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. लक्षात ठेवा, आलेल्यांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी. माहेरी गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या बायका सगळ्या यादीत मोजल्या जातात. म्हणून तारीख घेताना वेचणीचा आणि तोडणीचा हंगाम टाळून मागा.

शेवटचे, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. जो रोज आणि भरपूर पितो, सकाळी हात कापू नये म्हणून पितो, त्याने या भाषणाच्या भरात आज रात्री एकदम बंद करू नये. अशा शरीराला अचानक दारू मिळाली नाही तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फेफरे येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध घेऊन सोडावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलेले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने. तिथे माणसाला महिनाभराहून जास्त ठेवून घेतात आणि घरच्यांशीही बोलतात. परत प्यायला तरी दार बंद करत नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८०० ११ २३५६. मनाची घालमेल असह्य झाली, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटू लागले, तर १४४१६, रात्री-अपरात्रीही. हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आहेत, वहीत उतरवून घ्या.

कोऱ्या वह्या मागच्या बाकावर ठेवल्या आहेत, गावागणिक दोन. एक कापसाच्या पट्ट्यांची, एक या आठवड्याच्या मोजणीची. दुसरीवर नाव घालायची सक्ती नाही. जेवण साडेबाराला आहे, आणि कापूस खरेदीचे सत्र दीडला याच मांडवात सुरू होईल. सकाळी जे आले नव्हते त्यांना उठवून आणायचे काम त्यांच्या त्यांच्या तालुकाप्रमुखांचे.